साहेबांनी दिलेली अक्षरं

हणमंत पांचाळला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि लखनऊच्या त्या रेल्वे कॉलनीतल्या झाडून सगळ्या बंगल्यांवरच्या इंग्रजी पाट्या त्याच्याच हातच्या होत्या. यात लीलावतीबाईंना वीस वर्षांत कधी काही वावगं वाटलं नाही. सुताराला फळी कळली म्हणजे पुरे, फळीवरचं वाचायला साहेब लोक आहेतच, अशी तिथली एकूण समजूत होती.

हणमंत मूळचा कराडकडचा. लीलावतीबाईंचे यजमान चारुदत्त खांबेटे रेल्वेत मोठे इंजिनियर. त्यांनीच त्याला वर्कशॉपमध्ये सुतार म्हणून चिकटवला आणि आपल्या बंगल्यामागच्या आउटहाउसमधली खोली राहायला दिली. त्या खोलीच्या बदल्यात त्यानं काय काय केलं ते विचारू नका. खिडक्यांच्या जाळ्या, दिवाणखान्यातलं काचेचं कपाट, मुलांचे पाळणे, शिवाय महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर, तेही दरवर्षी नवं. बायको लवकर गेली. मुलगी हेमा कराडला आत्याकडे वाढली. हा इकडे एकटा, स्टोव्हवर भाकरी थापून खाणारा आणि आलेल्यागेलेल्याला 'व्हय जी' म्हणणारा.

पाट्या करायची त्याची रीत बघण्यासारखी होती. साहेब लोक नाव छापून देत. तो कागद घेऊन हणमंत आलमबागेतल्या झेरॉक्सवाल्याकडे जाई. आधी बटर पेपरवर कॉपी, मग तो बटर पेपर पालथा घालून साध्या कागदावर दुसरी कॉपी, म्हणजे अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येत. हा उलटा कागद घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर तोंड खाली करून चिकटवायचा, मागून थिनरचा बोळा फिरवायचा, चमच्याच्या पाठीनं दाबून घासायचं. कागद सोलला की काळी अक्षरं सुलट होऊन लाकडावर उतरलेली असत. मग बारीक पटाशीनं ती कोरायची आणि त्यात रंग भरायचा. अक्षर कोणतं, उच्चार काय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याची स्वतःची नावं होती. एच म्हणजे शिडी. ए म्हणजे सुताराची घोडी. एम म्हणजे दोन डोंगर. ई म्हणजे फणी. "खांबेटेसायबाच्या आडनावात एक घोडी आन् दोन फण्या हायती," असं तो कौतुकानं सांगायचा, आणि मोजून पाहिलं तर ते बरोबर असायचं.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये, एका रविवारी, बंगल्याच्या व्हरांड्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. चारुदत्त, अकाउंट्समधले शरद ओक आणि छावणीतून येणारे मेजर इंद्रजित, हे नेहमीचे तिघे. लीलावतीबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा हणमंत पायरीशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

"सायेब, मलाबी एक पाटी पायजे. इंग्रजीत."

"तुला?" चारुदत्तांनी पानं खाली ठेवली.

"व्हय जी. समद्यांच्या दारावर हाय, माझ्याच दारावर न्हाई. हेमीला आता स्थळं बघायची. दारावर बापाचं नाव असलं म्हंजे पावन्यास्नी बरं दिसतंय."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आउटहाउसच्या पत्र्याच्या दाराला नावाची पाटी! ओकांचा मिशीआड ओठ हलला. चारुदत्त मात्र गंभीर. गंभीर चेहरा करून चेष्टा करण्यात त्यांचा हात धरणारा सबंध डिव्हिजनमध्ये कोणी नव्हता.

"नुसतं नाव कसं चालेल, हणमंत? मोठ्या माणसांच्या पाटीवर नावाखाली दोन ओळी असतात. मजकूर मी देतो. ऑफिसात नवा प्रिंटर आलाय, त्याच्यावर फर्स्ट क्लास छापून आणतो."

"लई उपकार झालं सायेब," हणमंत म्हणाला आणि वाकून नमस्कार करून गेला.

तो मजकूर तिघांनी मिळून तिथेच, पत्त्यांच्या डावावर रचला. लीलावतीबाई आत भजी तळत होत्या. हसण्याचे आवाज येत होते, पण ते तर दर रविवारी येत.

पाटी लागली ती गुढीपाडव्याला. लीलावतीबाई वाटीतून श्रीखंड घेऊन मागच्या अंगणात गेल्या, तर हणमंत दारासमोर उभा राहून आपल्याच पाटीकडे बघत होता. मलिहाबादेहून आणलेल्या आंब्याच्या फळीची पाटी. वर ठसठशीत त्याचं नाव आणि खाली तीन लहान वाक्यं. इंग्रजीत लिहिलं होतं ते असं: येथे एक गाढव राहते. त्याला हे वाचता येत नाही. हसा, पण त्याला सांगू नका.

लीलावतीबाईंना हसू आलं. आता ते यायला नको होतं, पण आलं. त्यांच्या बाजूनं सांगायचं तर त्यांनी पदर तोंडाला लावला, श्रीखंडाची वाटी हिंदकळली, आणि हसू काही थांबेना.

"जमली न्हवं, बाईसाहेब?" हणमंतचा चेहरा उजळून निघाला होता. ही बाई आपल्या आनंदात आनंद मानते आहे असं त्याला वाटलं. "सायबांनी अर्थ सांगितला मला. हितं कलावंत ऱ्हातो. देवानं त्याच्या हाताला गुण दिलाय. आत येताना मान लववा. आसंच हाय न्हवं?"

"हो," त्या म्हणाल्या. "असंच आहे."

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला छेडलं. "अहो, हे बरं नाही. बिचारा किती खूश आहे. बदला ती पाटी."

"अगं, जोक आहे. त्याला कळत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही. कुणाचं काय जातं?" चारुदत्तांनी पेपर उलटला. "आणि तू हसलीस की नाही ते सांग."

लीलावतीबाई कपबशा उचलून आत गेल्या.

मग ती पाटी म्हणजे कॉलनीतलं बघण्याचं ठिकाणच झालं. रविवारी पाहुणे आले की चारुदत्त त्यांना 'आमचा पपईचा बगीचा' दाखवायला मागे नेत. पाहुणे वाचत, हसत, आणि पाटीतच तशी ताकीद दिलेली असल्यामुळे गप्प राहत. अधिकारी, त्यांच्या बायका, कॉन्व्हेंटमधली पोरं, सगळे त्या एका बाबतीत मोठे आज्ञाधारक निघाले. हणमंत प्रत्येकाला दारात येऊन हात जोडायचा. "एवढी मोठी माणसं माझं नाव वाचाया येत्यात," असं तो लीलावतीबाईंना दोनदा म्हणाला. त्या दोन्ही वेळा मान हलवून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

लीलावतीबाई वाईट नव्हत्या, असं त्यांना ओळखणारं कोणीही सांगेल. हेमासाठी स्थळ त्यांनीच शोधलं. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना एअरफोर्समधला धनंजय भेटला. कॉर्पोरल, लखनऊलाच पोस्टिंग, साताऱ्याकडचा, हणमंतच्याच जातीतला. आईवडील नव्हते, मामानं वाढवलेला. हेमा बारावी झालेली, दिसायला नीटस. फोटो पाठवला, तो पसंत पडला. मामा म्हणाले, मुलगी नंतर बघू, आधी बाप बघू आणि घर बघू. जूनमधल्या एका रविवारी जयसिंगमामा आणि धनंजय येणार असं ठरलं.

हणमंतनं खोलीला चुना लावला. खोलीतल्या आपल्या हातच्या कपाटावरून फडकं फिरवलं. आणि पाटीला पॉलिश केलं.

पॉलिशचा वास नाकात गेला तेव्हा कुठे लीलावतीबाईंच्या ध्यानात आलं. धनंजय एअरफोर्सचा पोरगा. तो दारातच थांबेल, वाचेल. सगळं मुसळ केरात. आई नसलेल्या पोरीचं लग्न त्या तीन ओळींपाशी मोडणार होतं.

आता खरं सांगायला हवं होतं. शनिवारची सकाळ होती, हणमंत सुट्टीवर होता, अंगणात दुसरं कोणी नव्हतं. दोन वाक्यांचं काम. पण खरं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की तीन महिने सगळी कॉलनी तुम्हाला हसतेय, मजकूर माझ्या नवऱ्यानं रचला, आणि पहिल्या दिवशी श्रीखंडाची वाटी हातात धरून मी हसले ते याला. त्याला फार लागेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. लागणार होतं त्यांना स्वतःला, पण असल्या गोष्टी माणूस स्वतःशी कधी बोलतो?

"हणमंत, ती पाटी काढावी लागेल तुम्हाला."

"का वं, बाईसाहेब?"

"ऑफिसचा कागद आलाय. आउटहाउसवर नावाच्या पाट्या चालणार नाहीत. रूल आहे म्हणे."

हणमंतचा चेहरा पडला. "पावनं यायाच्या आदल्या दिशीच? एक दिस ऱ्हाऊ द्या की."

"नाही हो. साहेबांवर मेमो येईल."

साहेबांवर मेमो येईल म्हटल्यावर त्यानं लगेच पेचकस आणला. चारही स्क्रू काढले, पाटी पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिली. "तुमच्याकडंच ठिवा. उद्या रूल बदलला तर."

त्यांनी ती कोठीच्या खोलीत, रद्दीच्या गठ्ठ्यामागे उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, चहापोहे झाले, जयसिंगमामांनी कपाटाच्या दाराची उघडझाप करून बघितली आणि "हात चांगला आहे" म्हणाले. धनंजय लाजत लाजत हसला. बैठक जमली. लीलावतीबाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्या दिवशी गणपतीला पाच नारळ बोलले. चारुदत्त तेवढे कुरकुरले. "काढलीस कशाला? ओकांचे साडू यायचे होते बघायला."

लग्न डिसेंबरमध्ये, इथेच, मंडळाच्या हॉलमध्ये करायचं ठरलं. हणमंत विधुर. एकट्यानं कन्यादान कसं करायचं, जोडपं हवं. तो येऊन म्हणाला, "तुमी दोघं बसा. स्थळ तुमी आणलं, पोर तुमचीच." चारुदत्तांनी मोठ्या मनानं होकार दिला. आपल्या आउटहाउसमधल्या माणसाच्या मुलीचं कन्यादान आपण करतो आहोत हे त्यांनी क्लबात सगळ्यांना सांगितलं.

नोव्हेंबरमधली गोष्ट. लीलावतीबाई हेमासाठी अमीनाबादहून साड्या घेऊन रिक्षातून उतरत होत्या. दोन्ही हातांत पिशव्या, रिक्षावाल्याशी घासाघीस चाललेली. हणमंत पिशव्या घ्यायला धावला.

"बाईसाहेब, रुखवताला पेटी करतोय पोरीला. आंब्याची. झाकण एकसंध फळीचं घावलं, जोड न्हाई."

"अच्छा? वा."

"आन् सायबांनी दिलेल्या अक्षरास्नी जागा घावली. जिथं ऑफिसचा रूल न्हाई चालत तिथं."

"बरं झालं. अरे भैया, पंद्रह बोला था ना? बीस कैसे हो गया?"

बटर पेपर त्याच्याकडेच होता. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. वीस वर्षं त्यांनी त्याला पाट्या करताना पाहिलं होतं. एकेका साहेबाचा बटर पेपर तो पुठ्ठ्यात घालून पलंगाखाली जपून ठेवायचा, पुन्हा कधी लागला तर. पण रिक्षावाला ऐकेना, साड्यांच्या पिशवीचा बंद तुटला, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

हेमा आत्याबरोबर लग्नाच्या दोन दिवस आधी आली आणि बंगल्यातच उतरली. गुणी पोर. आल्या आल्या लीलावतीबाईंच्या पाया पडली, "काकू, तुम्ही माझ्या आईच्या जागी" म्हणाली. पेटीचं विचारलं तर हणमंत हसून म्हणायचा, "थेट हॉलवरच बघ."

लग्नाच्या सकाळी हॉलमध्ये थंडी भरून राहिली होती. एका भिंतीशी रुखवताचं टेबल मांडलं होतं. साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचे ससे, आणि मध्ये जुन्या चादरीखाली झाकलेली पेटी. वऱ्हाड आलं. जयसिंगमामा कडक इस्त्रीच्या कोटात. धनंजयचे सहा-सात मित्र, सगळे एअरफोर्सचे, खांद्यावर शाली. कॉलनीतले साहेब लोकही आले होते. ओक होते, मेजर होते. हणमंतनं नवा पांढरा सदरा घातला होता आणि वर चारुदत्तांचा जुना कोट. मुंडावळ्या बांधलेल्या हेमाला त्यानं स्वतः हाताला धरून टेबलापाशी आणलं, सगळे जमल्याची खात्री केली, आणि चादर ओढली.

पेटी सुंदर होती. त्याबद्दल दुमत नव्हतं. झाकणाच्या वरच्या बाजूला वेलबुट्टी, मधोमध मोठ्या अक्षरांत इंग्रजीत हेमाचं नाव आणि खाली त्याच तीन ओळी. बारीक, रेखीव, सोनेरी रंग भरलेल्या.

येथे एक गाढव राहते. त्याला हे वाचता येत नाही. हसा, पण त्याला सांगू नका.

"पोरीचं नाव माझं मीच जुळवलं," हणमंत सांगत होता. "हेमीनं पत्राच्या पाठीवर इंग्रजीत घातलं हुतं, ते बघून. शिडी, घोडी आन् दोन डोंगर माझ्या नावातनं उचललं. फणी खालच्या वळीतनं घेतली. एक सूत खोल कोरलंय. पन्नास वर्सं जायाचं न्हाई."

पहिला हसला तो धनंजयचा मित्र. नाकातून, दाबून. मग दुसरा. ओक घाईघाईनं मागे वळले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मेजर छताकडे बघू लागले.

"काय लिहिलंय?" जयसिंगमामांनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नसावं, किंवा चष्मा नसावा.

"बाईसाहेब वाचतील," हणमंत म्हणाला. "बाईसाहेब, वाचा की. समद्यास्नी ऐकू जाऊ द्या."

सगळ्यांचे चेहरे वळले. लीलावतीबाईंनी ओठ ओले केले. "इथे..." त्या म्हणाल्या. "इथे कलावंत राहतो. देवानं त्याच्या हाताला गुण दिलाय. आत येताना मान लववा."

मग मात्र मित्रांना आवरेना. सगळे एकदम फुटले. एकजण तर टेबलाला धरून खाली बसला. हेमा तोवर वाकून वाचत होती. तिचं बोट एकेका शब्दावरून सरकत होतं. शेवटच्या शब्दापर्यंत ती गेली, सरळ उभी राहिली आणि लीलावतीबाईंकडे बघितलं. मुंडावळ्यांच्या मागून ते डोळे नुसते बघत राहिले. लीलावतीबाईंनी नजर खाली घातली.

धनंजय लाल झाला होता. तो मामांच्या कानाशी लागला. मामांच्या कपाळाची शीर उठली.

"गाढव? आमच्या घरात येणाऱ्या पेटीवर गाढव? मुलीच्या नावाखाली? हे कुणी लिहिलं?"

हणमंतला आधी कळलंच नाही. तो हसतच होता. मग त्यानं हेमाकडे बघितलं. "हेमे? गाढव लिवलंय?"

"हो, बाबा," हेमा म्हणाली. तिनं काहीच राखून ठेवलं नाही, सगळं मराठीत सांगितलं, हळू आवाजात, एकेक ओळ.

तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा मिटत गेला. मार्चपासूनचं सगळं त्याला दिसत असलं पाहिजे: दारापुढे येऊन हसणारी माणसं, त्यांच्यापुढे जोडलेले आपले हात, आलमबागेतला झेरॉक्सवाला, श्रीखंडाची वाटी. त्यानं मान वर केली आणि चारुदत्तांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

चारुदत्तांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. "अहो, अडाणी माणूस," ते मामांना म्हणाले. "कुठला तरी कागद हाती लागला असेल, दिला उतरवून. त्याला काय कळतंय? तुम्ही मनावर घेऊ नका."

हणमंत लीलावतीबाईंकडे वळला. आणि थांबला. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. कागद यांनी दिला, एवढंच. पण मग कन्यादानाला बसणारे साहेब साहेब राहिले नसते. मामा म्हणाले असते, असल्यांच्या शब्दावर मुलगी कशी करायची. आणि कॉलनीत, क्लबात, मंडळात पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती. लीलावतीबाई रुखवतातल्या साखरेच्या तुळशीकडे बघत राहिल्या.

"माझीच चूक," हणमंत म्हणाला. "वाचता येत न्हाई मला. घावला कागद, उतरवला."

"मग ऐका," जयसिंगमामा म्हणाले. "लग्न आम्ही मोडत नाही. पोरीचा दोष नाही. पण ही पेटी अशी आमच्या दारात येणार नाही. वरात निघायच्या आत ते सगळं गेलं पाहिजे. नाव, ओळी, सगळं. नाहीतर पेटी इथेच आणि माहेरही इथेच. पुन्हा तुमच्या घराशी संबंध नाही."

"घालवतो," हणमंत म्हणाला.

हत्यारांची पिशवी तिथेच होती, स्टेज त्यानंच उभारलं होतं. मंडळातल्या दोघांनी पेटी उचलून मागच्या पडवीत नेली. हेमाला आत्या बोहल्याकडे घेऊन गेली. जाताना ती तीनदा मागे वळली. हणमंतनं साहेबांचा कोट काढला, घडी करून कट्ट्यावर ठेवला, आणि रंध्याचं पातं अंगठ्यानं तपासलं.

लीलावतीबाई पडवीत का गेल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पेटी फरशीवर डुगडुगत होती. त्यांनी पुढे होऊन दुसरी कड धरली. हणमंतनं त्यांच्याकडे न बघता रंधा चालवायला सुरुवात केली. वेलबुट्टी आधी गेली. मग सोनेरी रंग गेला. अक्षरं मात्र जाईनात. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खोल कोरलेली होती, सबंध झाकण तेवढं उतरवायचं म्हणजे तास-दीड तासाचं काम. पांढऱ्या सदऱ्याला घाम फुटला. ढलप्या लीलावतीबाईंच्या पैठणीवर पडत होत्या.

"बाईसाहेब."

"हं."

"पाटी काढाया लावली तवा तुमाला ठावं हुतं."

"हो," त्या म्हणाल्या. आणि मग, कशासाठी कोण जाणे, "त्याच्या आधीपासून."

त्यानं मान हलवली. "घट धरा," म्हणाला. "हालली तर पातं लाकडात घुसतंय."

त्यांनी दोन्ही हातांनी पेटी धरली. आतून सनई सुरू झाली, मग थांबली. गुरुजींचा आवाज आला, मुलीकडचे कुठे आहेत म्हणून. पडवीच्या दारात चारुदत्त उभे राहिले, अंगावर नवं उपरणं, कपाळाला कुंकू.

"लीला, अगं चल. कन्यादानाला बोलावतायत. सगळे खोळंबलेत."

लीलावतीबाईंनी पेटीकडे बघितलं. शिडी अजून होती, फणीचे दात होते, गाढवही अर्धं शिल्लक होतं. हणमंत वाकलेला तसाच थांबला होता, रंधा हातात धरून, वर न बघता.

"आलेच," त्या म्हणाल्या. त्यांनी हात काढले, पैठणीवरच्या ढलप्या झटकल्या आणि नवऱ्याच्या मागोमाग आत गेल्या. पेटी पुन्हा डुगडुगली. हणमंतनं तिच्यावर गुडघा रोवला आणि आतून मुलीचं गोत्र, आजोबाचं नाव, त्याचं स्वतःचं नाव गुरुजींच्या तोंडून ऐकू येत असताना तो मुलीच्या नावावरून रंधा चालवत राहिला.